शून्य टक्के कमिशन आणि परत आलेला बटवा

जुन्या भोपाळात चौक बाजारात शिरले की दुकानांच्या दारांवर लटकणारे बटवे नजरेला पडतातच. मखमल किंवा रेशमी कापड, त्यावर जरीचे नाहीतर मण्यांचे भरतकाम, तोंडाशी ओढायच्या दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकांना गोंडे. हा बटवा दुकानात विकला की हिशेब जागच्या जागी मिटतो. गिऱ्हाईक घासाघीस करते, पैसे हातात पडतात, विषय संपला.

तोच बटवा ऑनलाइन मार्केटप्लेसवर ठेवला की कोडे सुरू होते. नोंदणी फुकट, अ‍ॅप फुकट, वर ‘शून्य टक्के कमिशन’ अशी पाटी. बटवा ४९९ रुपयांना विकला जातो आणि काही दिवसांनी बँकेत जमा होतात चारशेहूनही कमी. महिन्याचा ताळा मांडला की त्याहून वाईट बातमी कळते: दहा ऑर्डरींमागे जेवढे सुटायला हवे होते, त्याच्या जेमतेम निम्मे सुटले आहेत. कुणी चोरी केलेली नाही. सगळे नियमात लिहिलेले होते, फक्त त्या पाटीवर नव्हते.

नव्याने विकायला बसणाऱ्याला फुकटात काय काय मिळते, याच्या याद्या हव्या तेवढ्या सापडतात. पण यादीतले कोणते साधन कुठे उपयोगी पडते हे कळायला आधी पैसा कुठे गळतो ते पाहिले पाहिजे. सोयीसाठी समजू, की अरेरा कॉलनीत राहणाऱ्या एक मराठी वहिनी जुन्या शहरातल्या कारागिरांकडून बटवे करून घेतात आणि घरबसल्या विकू पाहतात.

मार्केटप्लेस विकते काय?

बटवा विकतात वहिनी. मार्केटप्लेस विकते चार सेवा: गिऱ्हाईक शोधून आणणे, त्याच्याकडून पैसे घेणे, पार्सल पोचवणे आणि गिऱ्हाइकाला नको झाले तर ते परत आणणे. ‘कमिशन’ हा यातल्या फक्त पहिल्या सेवेचा मोबदला. मीशोने २०२१ मध्ये तो शून्यावर आणला. अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२५ पासून तीनशे रुपयांखालच्या लाखो वस्तूंवर तो माफ केला. हे खोटे नाही. पण उरलेल्या तीन सेवा चालूच असतात. कुठे त्यांचे पैसे ठरावीक शुल्क म्हणून कापले जातात, कुठे वजनानुसार कुरिअरचा खर्च म्हणून, कुठे पैसे गोळा करण्याचे शुल्क म्हणून. या सगळ्या सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो तो वेगळा. शिवाय आपली वस्तू वरच्या रांगेत दिसावी म्हणून जाहिरातीला पैसे भरायचे आमंत्रण रोज येत असते. माझ्या मते मार्केटप्लेसची खरी कमाई आता कमिशनपेक्षा या जाहिरातीकडे सरकते आहे, आणि नवख्याने पहिले काही महिने त्या बटणापासून लांब राहावे.

कापल्या जाणाऱ्या रकमांत दोन सरकारी नावेही दिसतात. टीसीएस म्हणजे मार्केटप्लेसने जीएसटीपोटी आधीच कापून भरलेली रक्कम. जुलै २०२४ पासून तिचा दर अर्धा टक्का आहे. टीडीएस आयकरापोटी कापला जातो, तो ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. हे दोन्ही पैसे आपल्याच खात्यावर सरकारजमा होतात आणि विवरणपत्र भरताना वळते करून घेता येतात. बरेच जण ते विसरून जातात.

> चौकट: दहा बटव्यांचा हिशेब
>
> (आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. वस्तूवरचा जीएसटी बाजूला ठेवला आहे.)
>
> विक्रीची किंमत ४९९ रु. कमिशन शून्य. कुरिअर ७०, ठरावीक शुल्क २०, या ९० रुपयांवर १८ टक्के जीएसटी १६.२० रु. हातात आले ३९२.८० रु. बटव्याचा खर्च २३० आणि पॅकिंग १५ वजा केले की सुटले १४७.८० रु.
>
> आता दहा पार्सले पाठवली, दोन परत आली. विकल्या गेलेल्या आठांवर सुटले १,१८२.४० रु. परत आलेल्या प्रत्येक पार्सलाचे जाण्याचे ७० आणि येण्याचे ९० रुपये, त्यावर जीएसटी आणि वाया गेलेले पॅकिंग धरून २०३.८० रु. गेले. दोनांचे ४०७.६०. हाती राहिले ७७४.८० रु.
>
> दोनऐवजी एकच परत आले असते तर? हाती राहिले असते १,१२६.४० रु. म्हणजे एका पार्सलाने ३५१.६० रुपयांचा फरक पाडला. समजा मार्केटप्लेसने ५ टक्के कमिशन घेतले असते, तर आठ बटव्यांवर जीएसटी धरून साधारण २३५ रुपये गेले असते.

चौकटीतली शेवटची दोन वाक्ये पुन्हा वाचावीत. कमिशन पाच टक्के की शून्य, यापेक्षा दहांतले एक पार्सल परत येणे वाचले की नाही, याला जास्त किंमत आहे. म्हणून फुकटचे साधन हाती घेताना एकच प्रश्न विचारायचा: याने परत येणारे पार्सल कमी होईल का?

परत येणारी पार्सले दोन जातींची

विक्रेत्यांच्या बोलीत ‘आरटीओ’ हा शब्द सारखा येतो. त्याचा गाडीच्या लायसन्सशी संबंध नाही. गिऱ्हाइकापर्यंत पोचलेच नाही आणि तसेच मागे फिरले, ते पार्सल आरटीओ. पत्ता अर्धवट, फोन लागत नाही, किंवा कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर देऊन माणूस विसरला आणि कुरिअरवाला दारात आल्यावर ‘नको’ म्हणाला. दुसरी जात म्हणजे ‘कस्टमर रिटर्न’: पार्सल घेतले, उघडले, पाहिले आणि परत केले. बटव्याच्या बाबतीत याची कारणे ठरलेली आहेत. फोटोत मोठा वाटला, प्रत्यक्षात मूठभर निघाला. फोटोत डाळिंबी होता, हातात आला तपकिरी. जरी चमचमताना दिसली होती, प्रत्यक्षात मंद आहे. सामानाच्या धक्क्याने मणी सुटले.

दोन्ही जातींवर इलाज वेगळे आहेत, पण बहुतेक फुकट आहेत. आणि जवळजवळ सगळे मोबाइलमध्ये किंवा स्वयंपाकघरात आधीपासून पडलेले आहेत.

खिडकी, पडदा आणि दहाचे नाणे

जरदोजीचा फोटो काढणे सोपे नाही. कारचोबवर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणून त्यावर सलमा, सितारे, दबका टाकले जातात. ही धातूची बारीक स्प्रिंग आणि टिकल्या असतात. समोरून फ्लॅश मारला की त्या आरशासारख्या उजेड परत फेकतात, कॅमेरा गोंधळतो, आणि जरीच्या जागी पांढरा डाग व मखमलीच्या जागी काळा ठिपका उमटतो. रंग बिघडल्याची तक्रार इथे जन्माला येते.

इलाज असा. फ्लॅश बंद करायचा, खोलीतले पिवळे दिवेही बंद. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला खिडकीजवळ टेबल ओढायचे, थेट ऊन येत असेल तर मध्ये पांढरा विरळ पडदा किंवा जुने धोतर लावायचे. बटवा ठेवायचा पांढऱ्या कार्डशीटवर, शीट मागे भिंतीला टेकवून वाकवायची म्हणजे कोपऱ्याची रेघ दिसत नाही. उजेड एका बाजूने येऊ द्यायचा. भरतकामाचा उठाव त्या तिरक्या उजेडातच दिसतो. दुसऱ्या बाजूची सावली फार गडद झाली तर तिथे पांढरा कागद उभा धरायचा. मग मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या बटव्यावर बोट टेकवून धरायचे, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो. नंतर थोडीफार दुरुस्ती करायला गूगलचे स्नॅपसीड हे फुकट अ‍ॅप पुरेसे आहे. त्यातही रंग ‘खुलवायचा’ मोह टाळायचा. खुललेला रंग ऑर्डर आणतो आणि तीच ऑर्डर परतही आणतो.

पहिला फोटो बहुतेक मार्केटप्लेसना पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, निव्वळ वस्तूचा लागतो. अ‍ॅमेझॉन तर वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा असे सांगते. त्यामुळे होते काय, की पाच इंचांचा बटवा आणि पंधरा इंचांची पिशवी पहिल्या फोटोत सारखीच दिसते. माप सांगायचे काम दुसऱ्या फोटोचे. बटव्याशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर, देशभर सगळीकडे तोच, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातही ते असते. तिसऱ्या फोटोत बटवा हातात धरलेला, चौथ्यात उघडून आत मोबाइल जातो की नाही ते. जात नसेल तर तसे स्पष्ट लिहा. काही ऑर्डरी बुडतील, ज्या बुडायलाच हव्या होत्या.

वर्णन लिहिताना कविता नको. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, कापड कोणते, अस्तर आहे का, जरी खरी की नकली, धुता येतो का, दोरी किती लांब. हाताने केलेल्या कामात दोन नग तंतोतंत सारखे नसतात हेही आधीच सांगावे.

लोक काय टाइप करतात

शोधाच्या खिडकीत काय लिहिले जाते ते ओळखायला महागडे सॉफ्टवेअर विकले जाते. नवख्याला त्याची गरज नाही. मार्केटप्लेसच्याच शोधपट्टीत ‘पोटली’ (बटव्याला हिंदीत हेच म्हणतात) एवढेच टाइप करून थांबा. खाली सुचवण्या येतात, त्या इतर लोकांच्या शोधांवरूनच बनलेल्या असतात. बहुतेक वेळा ‘लग्नासाठी’, ‘रिटर्न गिफ्ट’, ‘सेट ऑफ १०’ असे काहीतरी निघते, आणि एकेक विकण्यापेक्षा दहांचा जोड विकावा असा धंद्याचा धडाच मिळून जातो. एका पार्सलात दहा बटवे गेले की कुरिअरचा खर्चही दहांत वाटला जातो.

गूगल ट्रेंड्स हे दुसरे फुकट साधन, पण त्याचा आकडा वाचताना लोक फसतात. तिथे ० ते १०० असे प्रमाण असते. शंभर म्हणजे शंभर लोक नव्हेत. निवडलेल्या काळात त्या शब्दाचा शोध सर्वांत जास्त झाला ती वेळ शंभर धरली जाते आणि बाकीचा आलेख त्याच्या तुलनेत काढला जातो. किती माल विकला जाईल हे त्यातून कळत नाही. मागणी कोणत्या महिन्यांत चढते ते कळते, आणि कारागिराला माल कधी सांगायचा हे ठरवायला तेवढे पुरते.

वजनकाटा आणि शिंप्याची टेप

बटवा भरला १८० ग्रॅम. तरी कुरिअरच्या बिलात सव्वा किलोच्या आसपासचे वजन लागले. हे कसे?

कुरिअर कंपनीच्या गाडीत जागा आधी संपते, वजन नंतर. उशांनी भरलेली गाडी हलकी असली तरी ती भरलेलीच. म्हणून पार्सलाने अडवलेली जागाही वजनात मोजतात. सर्वसाधारण रीत अशी, की लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० ने भागायचे. येईल ते किलोतले ‘आकारमानाचे वजन’. हे आणि काट्यावरचे, यांत जे जास्त त्यावर आकारणी.

आता वहिनींनी घरात पडलेला ३० बाय २० बाय १० चा खोका वापरला, तर गुणाकार ६०००, भागिले ५०००, म्हणजे १.२ किलो. तोच बटवा सपाट करून, गोंडे आत दुमडून, २० बाय १५ बाय ४ च्या खोक्यात बसवला तर १२०० भागिले ५०००, म्हणजे २४० ग्रॅम. बहुतेक कुरिअर अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने पैसे घेतात. पहिला खोका तिसऱ्या टप्प्यात गेला, दुसरा पहिल्यातच राहिला. बटवा तोच, पत्ता तोच.

भरतकामावर पातळ कागद, त्यावर बबल रॅपचा एक वेढा, मग खोका. सीलबंद करण्याआधी काट्यावर ठेवून आणि शिंप्याची टेप लावून फोटो काढून ठेवा. कुरिअरने वजन जास्त लावले तर तक्रारीत हाच पुरावा चालतो. पॅक करतानाचा छोटा व्हिडिओही ठेवावा, कारण कधीकधी पाठवलेल्या बटव्याच्या जागी भलतेच काही परत येते.

भोपाळमध्ये झालेला प्रयोग

ऑनलाइन विक्रीचा एक वेगळा मार्ग देशात पहिल्यांदा ज्या पाच शहरांत आजमावला गेला, त्यांत भोपाळ होते. २९ एप्रिल २०२२ रोजी ओएनडीसीची (ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स) चाचणी दिल्ली परिसर, बंगळूर, कोइम्बतूर, शिलाँग आणि भोपाळ इथे सुरू झाली. केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागाने पुढाकार घेऊन ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापलेली ही ना-नफा कंपनी. बँका आणि इतर वित्तसंस्थांचे भांडवल तिच्यात आहे, आणि सुरुवातीच्या सल्लागार मंडळात नंदन नीलेकणी होते.

ओएनडीसी हे अ‍ॅप नाही, दुकान तर नाहीच. हे समजायला यूपीआय आठवावे. चहावाल्याच्या टपरीवर एका कंपनीचा क्यूआर चिकटवलेला असतो, आपल्या मोबाइलमध्ये दुसऱ्याच कंपनीचे अ‍ॅप असते, तरी पैसे पोचतात, कारण दोन्ही अ‍ॅप एकाच ठरलेल्या नियमांनी बोलतात. ओएनडीसीने विक्रीसाठी तसेच नियम घालून दिले. नेहमीच्या मार्केटप्लेसवर गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघांनाही एकाच कंपनीच्या छपराखाली यावे लागते. इथे गिऱ्हाइकाचे अ‍ॅप एका कंपनीचे, विक्रेत्याचे दुसरीचे, पार्सल नेणारी तिसरीच.

पायऱ्या अशा. पुण्यातल्या कुणी आपल्या खरेदीच्या अ‍ॅपवर ‘पोटली’ शोधली. तो शोध एका मधल्या दरवाजाकडे, म्हणजे गेटवेकडे जातो. गेटवे तो नेटवर्कवरच्या विक्रेता-अ‍ॅप्सकडे धाडतो. ज्यांच्या कॅटलॉगमध्ये माल आहे ते उत्तर देतात आणि गिऱ्हाइकाला यादी दिसते. त्याने एक निवडला की यापुढे गेटवे मधून निघून जातो; दोन्ही अ‍ॅप थेट बोलतात. किंमत पक्की होते, पत्ता दिला जातो, पोचवणाऱ्या कंपन्यांकडून दर मागवले जातात, ऑर्डर पक्की होते. नेटवर्कवर कोण खरोखर नोंदलेले आहे याची एक सामाईक नोंदवही असते, तिच्यावरून प्रत्येक अ‍ॅप समोरच्याची ओळख पटवते.

विक्रेत्याच्या बाजूने पाहता फायदा हा, की कॅटलॉग एकदाच भरायचा आणि तो अनेक खरेदी-अ‍ॅप्सवर दिसतो. एका कंपनीने अचानक खाते गोठवले तर दुसऱ्या विक्रेता-अ‍ॅपकडे जाता येते. पण फुकट तेही नाही. गिऱ्हाईक आणून देणारे अ‍ॅप आपला मोबदला टक्क्यांत सांगते, विक्रेता-अ‍ॅप आपला सांगते, कुरिअर आपला. फरक एवढाच, की हे तुकडे वेगवेगळे दिसतात आणि प्रत्येकाशी घासाघीस करायला वाव राहतो.

माझे मत विचाराल तर नवख्याने ओएनडीसीवर नाव जरूर घालावे, पण पोट त्यावर ठेवू नये. सुरुवातीला खरेदीच्या अ‍ॅप्सनी सवलती वाटल्या तेव्हा त्याची खूप चर्चा झाली. सवलती आटल्या तसा किरकोळ खरेदीचा उत्साहही ओसरला. नियम सगळ्यांचे सारखे झाले, तरी पार्सल उशिरा आले तर कुणाला जाब विचारायचा, हा प्रश्न तीन कंपन्या मिळून सोडवताना गिऱ्हाइकाची दमछाक होते. यूपीआयमध्ये पैसे पोचतात किंवा पोचत नाहीत. त्यात सुटलेला मणी नसतो.

हस्तकलेपुरता आणखी एक रस्ता आहे. वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘इंडियाहँडमेड’ हे विणकर आणि कारागिरांनी थेट विकण्याचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कमिशन नाही. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत भोपाळच्या वाट्याला जरी-जरदोजीच आली आहे, तेव्हा बटवा करणाऱ्या कारागिराने जिल्ह्याच्या उद्योग केंद्रात एकदा चौकशी करावी. वहिनींसारख्या मधल्या माणसापेक्षा हे रस्ते मुळात कारागिरासाठी आहेत, आणि ते तसेच असावेत.

ग्वाल्हेर चालेल, नागपूर नाही

भोपाळपासून ग्वाल्हेर आणि नागपूर ही दोन्ही शहरे रेल्वेने जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. पण जीएसटी नंबर नसलेल्या वहिनींचा बटवा मार्केटप्लेसवरून ग्वाल्हेरला जाऊ शकतो, नागपूरला नाही.

पूर्वी मार्केटप्लेसवर करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून सूट मिळाली. वार्षिक उलाढाल मर्यादेच्या आत असेल, मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रातही वस्तूंसाठी ही मर्यादा ४० लाख रुपये आहे, तर जीएसटीच्या पोर्टलवर पॅन देऊन फक्त एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि विक्री सुरू करायची. त्याला पैसे पडत नाहीत, विवरणपत्रे भरावी लागत नाहीत. अट एवढीच, की माल आपल्याच राज्यात विकायचा. हस्तकलेच्या काही वस्तू दुसऱ्या राज्यात विकायला नोंदणीतून वेगळी सूट आहे, पण मार्केटप्लेसवरून विकताना ती गृहीत धरू नये.

नवख्यासाठी ही अडचण मला सोय वाटते. इंदूर, जबलपूर, उज्जैन, ग्वाल्हेर एवढ्या मोठ्या बाजारात आधी हात बसवावा. पार्सल जवळ जाते, परत आले तरी खर्च आवाक्यात राहतो. पुणे-मुंबईकडच्या ऑर्डरींची आस लागली की मग पूर्ण नोंदणी करावी. जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. मात्र नंबर मिळाला की वेळेवर विवरणपत्र भरणे आले, विक्री शून्य असली तरी, आणि उशीर झाला की दंड.

 

वहीची जागा

दोन फुकट साधनांचे उल्लेख राहिले. पहिले व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. त्यात पाचशेपर्यंत वस्तूंचा कॅटलॉग ठेवता येतो, ठरलेली उत्तरे साठवता येतात, गिऱ्हाइकांना ‘पैसे आले’, ‘पाठवले’ अशी लेबले लावता येतात. ओळखीतल्या ऑर्डरींसाठी हे मार्केटप्लेसपेक्षा बरे, कारण पैसे आधी यूपीआयने येतात आणि नेहमीच्या बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारांवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. पैसे आधी आले की ‘नको’ म्हणून दारातून परत फिरणारे पार्सल जवळजवळ नाहीसे होते.

दुसरे गूगल शीट्स. स्तंभ सात पुरेत: तारीख, बटव्याचा प्रकार, पिनकोड, विक्रीची किंमत, हातात आलेली रक्कम, परत आले का, आणि का परत आले. शेवटचा स्तंभ भरायचा कंटाळा येतो आणि नेमका तोच कामाचा असतो. पन्नास ऑर्डरी झाल्या की पत्रक परतीच्या कारणानुसार लावून पाहावे. एकाच प्रकारच्या बटव्यावर ‘लहान निघाला’ चार वेळा दिसले तर फोटो बदला. एकाच भागातून आरटीओ येत असतील तर तिथे पाठवण्याआधी फोन करून पत्ता पक्का करा. सशुल्क सॉफ्टवेअर हेच रंगीत आलेखांत दाखवते.

कुणालाही पैसे देण्याआधी

‘उद्यम’ ही लघुउद्योगांची नोंदणी १ जुलै २०२० पासून पूर्ण ऑनलाइन आहे, आधारवर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. तरी गूगलवर शोधले की सरकारी वाटणारी आणि फी मागणारी पाने वर येतात. खऱ्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ ने संपतो. तो तपासा आणि पैसे मागणारे पान बंद करा. मार्केटप्लेसवर ‘खाते चालू करून देतो’, ‘पहिल्या पानावर आणतो’ म्हणणाऱ्यांनाही लांबूनच नमस्कार.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बटव्याचे पैसे पाठवतो म्हणून कुणी क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितले, तर तो गिऱ्हाईक नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.